'दांडगाई' म्हणजे नेमकं काय? आणि हा शब्द आला कुठून?

गोधडी
नमस्कार मंडळी. मुलाच्या शाळेतून पालकांसाठी एक पत्रक आलंय, दीड पानाचं, त्यात 'बुलिंग' हा शब्द नऊ वेळा आहे (मोजले). मराठी माध्यम बरं का. ते टेबलावर पडलेलं सासूबाईंनी वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवून मला विचारलं, "बुलिंग म्हणजे काय गं?" मी सांगायला लागले की मोठी मुलं लहान मुलांना दमदाटी करतात, वस्तू काढून घेतात, चिडवतात वगैरे, तर मला पुरतं बोलूही न देता म्हणाल्या, "मग सरळ दांडगाई म्हणायचं की!"
मी हा शब्द शेवटचा कधी ऐकला तेच आठवेना. लहानपणी 'दांडगाई करू नको' हे वाक्य दिवसातून चारदा कानावर पडायचं, पण तेव्हा ते पलंगावर उड्या मारण्याबद्दल असायचं. तर प्रश्न असा की दांडगाई म्हणजे बुलिंग का? की नुसती धसमुसळी मस्ती? आणि शब्द आला कुठून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टिकोजी
दांड + गाई. दांडगट गाई. इंग्रजीत बुल, मराठीत गाय. झाला की समानार्थी. धागा बंद करा.

चिंचबोर
@टिकोजी हहपुवा (हसून हसून पुरे वाट)

शब्दवेल्हाळ
टिकोजींचा विनोद बाजूला ठेवून (तसाही तो बाजूलाच पडला असता) थोडं सविस्तर लिहितो.
मुळात संस्कृत 'दंड', म्हणजे काठी. त्यावरून मराठीत दांडा, दांडकं, दांडी, विटीदांडूतला दांडू. काठीसारखा सरळ भक्कम म्हणून खांद्यापासून कोपरापर्यंतच्या हाताला पण आपण दंडच म्हणतो, भुजदंड. पैलवान दंड थोपटतो तो हाच. आणि शिक्षा, भुर्दंड या अर्थाचा दंड तर आहेच. म्हणजे काठी, बाहू आणि शिक्षा तिन्ही एकाच शब्दात बसलंय, आणि दांडगाई करणाऱ्याला या तिन्हींखेरीज चौथं काही लागत नाही. दंडेली आणि दंडुकेशाही हीसुद्धा याच घरातली पोरं.
'आई' हा प्रत्यय भाववाचक नाम करणारा: चतुराई, शिष्टाई, नवलाई. दांडगा असण्याचा भाव किंवा दांडग्याचं वागणं म्हणजे दांडगाई. त्यात गाई नाहीत आणि आईसुद्धा नाही.
गंमत अशी की 'दांडगा' हा शब्द स्वतः वाईट नाहीच. दांडगा व्यासंग, दांडगी स्मरणशक्ती, दांडगा जनसंपर्क असं आपण कौतुकानेच म्हणतो. विशेषण शाबासकीचं आणि नाम शिवीचं, असा मामला आहे.

वाडीवरचा
आमच्याकडं अजून चालतो की हा शब्द. लई दांडगा पाऊस झाला, दांडगं जनावर हाय, असं रोजचं बोलणं. आमचा एक खोंड होता, दावणीला शेजारच्या बैलाचा चारा खायचा. स्वतःच्या पुढ्यात वैरण असली तरी मान वाकडी करून त्याचीच ओढायचा. तो म्हातारा बैल नुसता बघत उभा राहायचा, शिंगं याच्यापेक्षा मोठी होती तरी. आजा म्हणायचा याला भूक न्हाय, दांडगाई हाय. शेवटी खोंडाची दावण बदलली. बैलाला कुणी काय विचारलं न्हाय.
त्यामुळं टिकोजींचं बुल अगदीच चुकलं न्हाय बघा.

टिकोजी
बघा! मला कोणीतरी समजून घेतलं.

मिरची_ठेचा
वाडीवरचा, "भूक न्हाय, दांडगाई हाय" यापेक्षा चांगली व्याख्या मिळणार नाही. डबा पळवणाऱ्या पोराला भूक कुठे असते.

सीमेवरचा
कन्नड वर्तमानपत्रात क्रिकेटच्या पानावर बॅट्समनला 'दांडिग' म्हणतात. आमच्या घरी दोन्ही भाषांचे पेपर यायचे, लहानपणी मला वाटायचं हे लोक फलंदाजाला दांडगा का म्हणतायत, त्याने काय केलं बिचाऱ्याने. दांडू हातात असलेला तो दांडिग. शब्दवेल्हाळ म्हणतात ते काठीचं नातं यात सरळ दिसतं.

काकडआरती
३४ वर्षं मुलांना शिकवलंय म्हणून लिहितो. आमच्या वेळी या सगळ्याचा एवढा बाऊ नव्हता. मुलं आहेत, थोडीफार दांडगाई व्हायचीच, त्यातूनच मुलं घट्ट होतात. आता चिमटा काढला तरी पत्रक निघतं. समर्थांनी सांगून ठेवलंय, धटासी आणावा धट, उद्धटासी पाहिजे उद्धट. मुलाला तेवढं शिकवा, शब्दाचं मूळ शोधून काय होणार.

शब्दवेल्हाळ
काका, आदर ठेवून सांगतो, ती ओवी दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकातली, नवव्या समासातली. त्या समासाचं नाव राजकारण निरूपण. सहावीतल्या पोराने मधल्या सुट्टीत राजकारण करावं अशी अपेक्षा त्यात नाही. शिवाय 'आणावा' म्हटलंय. धटासमोर दुसरा धट आणून उभा करावा, म्हणजे आणणारा कोणीतरी तिसरा, शहाणा माणूस आहे. वर्गात तो तिसरा कोण असतो? तुम्हीच की.

मिरची_ठेचा
+१. आणि काका, "घट्ट होतात" हे कोण सांगतं माहितीये? जी झाली ती. जी झाली नाहीत ती शाळेच्या स्नेहमेळाव्याला येतच नाहीत, तुम्हाला भेटणार कशी.

काकडआरती
मला तसं म्हणायचं नव्हतं. असो.

चिंचबोर
धट वरून आठवलं, 'धटिंगण' कुठून आला? आमच्या आजोबांचा आवडता शब्द होता. मला वाटायचं शंकराच्या गणांपैकी एखादा असेल. नंदी, भृंगी, धटिंगण.

शब्दवेल्हाळ
गणाची व्युत्पत्ती गोड आहे पण चालणार नाही. संस्कृत धृष्ट वरून धीट, आणि धट त्याचाच भाऊ. त्याच धट मधून बाळाला म्हणतो तो धट्टाकट्टा. इथेही तेच झालंय बघा, पाळण्यात धट्टाकट्टा आणि गल्लीत धटिंगण. अंगातली ताकद तीच. फक्त वय आणि समोरचा माणूस बदलला.
आता तुम्ही विचारलंच आहे तर (कोणी विचारलं नाहीये, माहितीये) 'मुजोर' घ्या. मुँहजोर, तोंडाचा जोर. लगाम न मानणाऱ्या, तोंड आवरत नाही अशा घोड्याला म्हणायचा शब्द आहे तो. तिथून तो माणसांवर आला, आणि आता रिक्षावाल्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना लागतो. 'मस्ती' पण तशीच. फारसी मस्त म्हणजे धुंद. हत्ती मस्तीत येतो तेव्हा माहूत लांब राहतो, आणि आपण प्रगतिपुस्तकात लिहितो 'वर्गात मस्ती करतो'.
मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, सात खंड) दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत. एकदा उघडा, रात्रीचं जेवण विसराल.

भटक्या_विमुक्त
आणि पुंड? पुंडाई, पुंडावा, पुंडपाळेगार? म्हणजे पुंडलिक पण दांडगाच का? आईबापाच्या सेवेत देवाला विटेवर ताटकळत ठेवला म्हणजे तसा असणारच म्हणा.

शब्दवेल्हाळ
पुंडलिक म्हणजे पुंडरीक, कमळ. त्याला यातून वगळा. पुंड हा सत्तेला न जुमानणारा, बंड करणारा. त्याची दांडगाई वरच्याशी असते. पाळेगार तमिळकडून आलेला, किल्लेवजा ठाणं धरून बसलेला सरदार, म्हणून ही जोडी. दांडग्याची दांडगाई मात्र नेहमी खालच्याशी. म्हणून गोधडीताईंच्या पत्रकासाठी पुंडाई चालणार नाही, दांडगाई चालेल.

थंडगार
मी नॉर्वेत राहतो. इकडे शाळेत याला 'मॉबिंग' म्हणतात, इंग्रजी मॉब म्हणजे जमाव, त्यावरून. पण ज्या डॅन ओल्वेयसने १९७० च्या दशकात यावर पहिलं मोठं संशोधन केलं त्याचं म्हणणं होतं की जमाव हा शब्द फसवा आहे, बरेचदा दोन-तीनच मुलं असतात. त्याने तीन गोष्टी सांगितल्या: मुद्दाम केलेलं असलं पाहिजे, पुन्हा पुन्हा केलेलं असलं पाहिजे, आणि दोघांच्या ताकदीत फरक असला पाहिजे. बरोबरीच्या दोघांची मारामारी यात धरत नाहीत.
१९८२ च्या अखेरीस इथे तीन मुलांनी आत्महत्या केल्या, कारण हेच असावं असं दिसलं, आणि त्यानंतर देशभर शाळांमध्ये मोहीम निघाली. तोवर इथेही काकडआरतींसारखंच बोलायचे लोक. काका, राग मानू नका.
आता या कसोटीवर दांडगाई बघितली तर ताकदीचा फरक त्यात आहे, मुद्दाम आहे. पण पुन्हा पुन्हा? एकदा केली तरी दांडगाईच ना?

चिंचबोर
आणि मुलींचं काय? आमच्या वर्गात कोणी कोणाला हात लावला नाही. एक दिवस सकाळी बाकावर बसले तर शेजारची उठून मागे गेली, मग पुढच्या दोघी पुढे सरकल्या. गट्टी फू पण केली नाही, कारण गट्टी फू करायला निदान करंगळी तरी दाखवावी लागते. तीन महिने. घरी सांगायला गेले तर आई म्हणाली, "पण केलं काय त्यांनी?" काहीच नाही केलं. तेच तर. याला दांडगाई म्हणाल?
उलट जी मुलगी झाडावर चढायची, मुलांना बदडायची तिला सगळे 'दांडगट' म्हणायचे. त्या तीन महिन्यांत माझ्याशी तीच एकटी बोलायची.

मिरची_ठेचा
याला मोठ्या माणसांच्या जगात 'वाळीत टाकणे' म्हणतात आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, सामाजिक बहिष्काराचा. कॉलेजातल्या रॅगिंगविरुद्ध १९९९ चा आहे, त्याच्या सरकारी मराठीत रॅगिंगला छळवाद म्हटलंय. पाचवी-सहावीच्या बाकावर जे चालतं त्याला आपल्याकडे अजून 'लहान आहेत' एवढंच म्हणतात.

टिकोजी
छळवाद. गांधीवाद, मार्क्सवाद, छळवाद. सभासद नोंदणी चालू आहे.

शब्दवेल्हाळ
चिंचबोर यांचा मुद्दा मान्य. दांडगाईत दंड आहे, म्हणजे ती हाताची गोष्ट. न बोलता, न शिवता केलेली दांडगाई त्या शब्दात मावत नाही. आणि 'दादागिरी'ही पुरत नाही, जरी तो शब्द फार मजेचा आहे. दादा म्हणजे थोरला भाऊ, गिरी हा फारसी प्रत्यय, गुलामगिरी-मुलूखगिरीतला. थोरल्या भावाचा गुंड कधी झाला बघा. 'भाई'चंही तेच. आणि योगायोग असा की इंग्रजी बुलीचंही अगदी हेच झालं. सोळाव्या शतकात तो लाडाचा शब्द होता, सख्या, राजा अशा अर्थाचा, बहुधा डच भाषेतून आलेला. शेक्सपियरच्या नाटकात बॉटम विणकराला त्याचे दोस्त 'बुली बॉटम' म्हणून प्रेमाने हाक मारतात. मग हळूहळू फुशारक्या मारणारा आणि शेवटी दुबळ्याला छळणारा. बैलाशी त्याचा संबंध नाही.
(टिकोजी, वाडीवरचा, क्षमस्व.)

वाडीवरचा
बैलाला सांगतो.

माजी_टगा
हा आयडी आज या धाग्यासाठीच उघडलाय. आठवीत असताना माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगा बसायचा. रोज दुसऱ्या तासाला मी त्याची कंपासपेटी घ्यायचो आणि त्याच्या पेन्सिलींची टोकं मोडायचो, एकेक करून, बाकाच्या कडेवर दाबून, तो बघत असताना. टक् असा बारीक आवाज यायचा. तो काही बोलायचा नाही, शार्पनर काढून परत टोकं करत बसायचा. वर्षाच्या शेवटी त्याच्या पेन्सिली बोटाएवढ्या झाल्या होत्या. मी त्याला हात एकदाही लावला नाही, शिवी दिली नाही. त्यामुळे कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी दांडगाई करत नाही. मस्ती करतो असंच वाटायचं. वरती हत्तीचं वाचलं म्हणून लिहिलं.
तो मुलगा आता कुठे असतो माहीत नाही. शोधला पण नाही खरं तर.

चिंचबोर
काय लिहू कळत नाहीये.

मिरची_ठेचा
मला कळतंय पण नको लिहायला. शोधा त्याला. किंवा नका शोधू, त्याला नको असेल तर. पण हे लिहिलंत ते बरं केलंत.

निमूट
मी वाचनमात्र असतो इथे. माजी टगा यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस विचार केला लिहू की नको.
सहावी ते आठवी मी चार दप्तरं वाहायचो. स्वतःचं एक आणि तिघांची तीन. शाळेपासून वळणावरच्या वडापर्यंत, साधारण पंधरा मिनिटं. दोन पाठीवर, दोन पुढे. ते तिघं मोकळ्या हाताने मागून गप्पा मारत यायचे, कधी माझ्याशीही बोलायचे, अगदी दोस्तासारखे, वडाशी आलो की दप्तरं घ्यायचे आणि 'चल, उद्या' म्हणायचे. मारलं कधीच नाही. पहिल्या दिवशी एकाने नुसतं दप्तर पुढे केलं होतं आणि मी घेतलं. का घेतलं ते मला अजून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.
पट्टे काचायचे. खांद्यावर लाल वळ उठायचे, ते आईने अंघोळीच्या वेळी पाहिले, तिला वाटलं दप्तराचे पट्टे निकृष्ट आहेत, तर तिने जुन्या सुती साडीच्या चिंध्या कापून माझ्या दप्तराच्या पट्ट्यांना गुंडाळून टाके घातले. छान मऊ केले. बाकीच्या तीन दप्तरांना कोण घालणार.
मी सांगितलं नाही कारण काय सांगायचं तेच सुचलं नाही. दांडगाई म्हणावं तर ते धडपडणं, ढकलाढकली. दादागिरी म्हणावं तर ते दोस्तासारखे बोलायचे. शब्द असता तर कदाचित सांगितलं असतं. किंवा नसतंही.

काकडआरती
निमूट, माझ्या शाळेच्या रस्त्यावर मी अशी मुलं पाहिली आहेत. चार दप्तरं घेतलेलं पोर. मला वाटायचं किती उपकारी मुलगा आहे. एकदा प्रार्थनेच्या वेळी एकाचं नाव घेऊन कौतुक पण केलं होतं. मी वर लिहिलेलं मागे घेतो.

थंडगार
+१ काका.

गोधडी
सगळ्यांचे आभार, खास करून निमूट आणि माजी टगा. धागा काढताना मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. पत्रक नुसतं आलं नव्हतं, ते आमच्या तक्रारीनंतर आलं होतं. माझा मुलगा दोन महिने डबा न खाता परत आणत होता. डबा कोणी पळवत नव्हतं. तो उघडला की चौघंपाचजण नाक दाबायचे, बस एवढंच. रोज. मला पत्राचं उत्तर लिहायचं होतं आणि त्यात 'बुलिंग' लिहायला हात धजत नव्हता, वाटत होतं परका शब्द लिहिला की प्रकारही परका होऊन जाईल, कुठल्यातरी परदेशी सिरियलमधला.
निमूट यांचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. 'पट्टे काचायचे' पाशी त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, "हा बघ शब्द. काच. आमच्यात म्हणायचे अमकीला सासरी फार काच आहे. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत, पण काच आहे. दोरी एकदा घासली तर काही होत नाही गं, त्याच जागी रोज घासली की कातडं जातं." आणि मग जरा थांबून, "दांडगाई दिसते, काच दिसत नाही." स्वतःच्या सासरबद्दल त्या कधी बोलत नाहीत. मीही विचारलं नाही, त्यांच्यासाठी चहा टाकला.

शब्दवेल्हाळ
गोधडीताई, सासूबाईंना माझा दंडवत सांगा. (त्यातही दंड आहे, काठीसारखं आडवं पडणं.) थंडगार यांनी 'पुन्हा पुन्हा' विचारलं होतं ते याच शब्दात आहे, बूट काचतो तो काच, जाचकाच मधला. मी इतके कोश उघडून बसलो आणि उत्तर स्वयंपाकघरात होतं.
फक्त एक अडचण. दांडगाई हे करणाऱ्याच्या बाजूचं नाम आहे आणि काच हे सोसणाऱ्याच्या बाजूचं. दांडगाई 'करतात', काच 'होतो'. पत्रात काच लिहिलात तर करणारे वाक्यातून निसटतील.

मिरची_ठेचा
मग दोन्ही लिहा. "तुमच्या वर्गात दांडगाई चालू आहे आणि माझ्या मुलाला त्याचा काच होतो आहे." त्यांना काय कळायचं ते कळेल.

गोधडी
असंच लिहिलं. काल वर्गशिक्षिकेचा फोन आला, बिचाऱ्या पंचविशीच्या असतील, नीट बोलल्या, त्या चौघांपाचजणांना वेगवेगळं बोलावून घेणार आहेत. शेवटी चाचरत म्हणाल्या, "मॅडम, ते काच वाचलं, तर वर्गात कुठे काच फुटलीये का, मी सगळ्या खिडक्या बघून आले."

टिकोजी
आता 'काच' चा दुसरा अर्थ आणि उगम यावर वेगळा धागा काढा.

वाडीवरचा
डबा खातोय का पोरगं?

गोधडी
आज अर्धा संपवून आला. भाजी आवडती होती म्हणून असेल.

उशिरा_आलेला
सगळं वाचलं नाही, पण 'झोटिंगशाही' कोणी लिहिलं का? त्यातला झोटिंग हा भुताचा प्रकार आहे ना?